वर्गणीची पावती

कागदावर मी त्याचा साळा.
वर्दी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांसोबत.
लालगंजात उतरलो तेव्हा सोबत
एक लोखंडी पलंग, एक कूलर
आणि दिगंबर नत्थूजी बोरकुटे, निवृत्त पाटकरी,
ज्याला स्वतःचं नाव तिसऱ्या हाकेला कळायचं.

आधी तो कोण होता, सांगायची मनाई आहे.
एवढंच, की उल्हासनगरात त्याचा आवाज आला
की शटरं आपोआप खाली यायची.
मग त्यानं मालकाविरुद्ध तोंड उघडलं,
आणि ते बंद ठेवायला
सरकारनं त्याला इतक्या लांब आणलं.

सकाळी सातला शिकवणी.
कशाला नाही, काहून म्हणा.
"काहून म्हणा."
म्हणा नाही. नुसतं काहून.
"अरे पण काहून म्हणा कशाला?"

पहिल्यांदा तर्री पोहे खाल्ले तेव्हा
नाकाडोळ्यांतून धारा. म्हणाला,
तेरा दिवसांच्या कोठडीत हे दिलं असतं
तर पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं.
दुसरी प्लेट मागवली.

वैशाखात बिल्डिंगची मोटर जळाली.
चौदा फ्लॅट, चार वर्षांची थकबाकी,
उमाठे सर वही घेऊन दारोदार, रडकुंडीला.
यानं काही केलं नाही, देवाशपथ.
जिन्यात प्लास्टिकची खुर्ची टाकली
आणि चाकूनं काकडी सोलत बसला.
साडेनऊला पूर्ण रक्कम जमा.
गेडाम वकिलांनी तर पुढच्या दोन वर्षांचीही भरली,
"राहू द्या, पावती नको" म्हणत.
पण यानं प्रत्येकाला पावती फाडून दिली.
जन्मात पहिल्यांदाच देत होता;
सही करताना जीभ बाहेर यायची.
मी डायरीत लिहिलं : विशेष काही नाही.

कोर्टाची तारीख पडायची, पुढे जायची,
पुन्हा पडायची.
तोवर हा खजिनदार झाला.

पोळ्याच्या आदल्या रात्री निनाव्यांचा गोलू
वर्गणी मागायला आला. गल्लीत बडग्या उभा होत होता,
बांबू, रद्दी, खळीचं पातेलं.
कोणाचा रे यंदा?
"तो नाही का काका, टीव्हीवर दाखवते,
कोटीचा माल खाऊन गायब झाला तो."
गळ्यात पाटी. पाटीवर
ते नाव, जे मी झोपेतही घेत नाही.

माझा चहा बशीत, बशीतून पायावर.
तो मात्र उतरला. बडग्याभोवती दोन चकरा मारल्या,
नाक दाबून पाहिलं,
आणि मागे सरून म्हणाला,
"काहून बे, मिशी अशी असते काय?"

अगदी बरोबर. हेल, बे, सगळं.
सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मग ब्रश घेऊन स्वतः मिशी काढली.
वर जाऊन ट्रंकेच्या तळातून
मोरांचा रेशमी शर्ट आणला, त्याला चढवला.
मी बाही ओढतोय, तर कानात म्हणतो,
"साळेबुवा, पोट थोडं वाढवायला सांगा. खोटं वाटते."

मिरवणुकीत सगळ्यांत मोठा आवाज त्याचा.
रोगराई, इडापीडा घेऊन जा गे मारबत!
पुढचं नावही तोच घ्यायचा,
स्वतःचं, छाती भरून,
आणि इतवारीच्या माड्यांवरच्या खिडक्या
उघडत जायच्या.

जाळलं तेव्हा रेशमाचा वास आला, केस जळाल्यासारखा.
तो हात मागे बांधून उभा.
शेवटचा बांबू तडकेपर्यंत हलला नाही.
परतताना एक अक्षर नाही.
घरी येऊन वांग्याचं भरीत केलं. मीठ विसरला.

गुरुवारी वरून फोन.
तारीख पक्की, परवाच्या गाडीनं आणा,
ओळख पटवायची आहे.
मी रिसीव्हर त्याच्याकडे दिला.

"कोण तो?" दिगंबरजी म्हणाले.
"त्याले आम्ही जाळलं ना जी, गल्लीतल्या सगळ्यांनी.
एकशे एक रुपये वर्गणी दिली आहे.
थांबा, पावतीचा नंबर सांगतो."

आणि चष्मा शोधू लागले.