कारणाचा रकाना

गालजीबागच्या वाळूवर, सुरूंच्या रांगेखाली,
कासवांची घरटी राखणाऱ्या सुकोरीनाने
पहाटे बॅटरी मारली
आणि तिला वाटलं, होडी उलटलीय.

मी पोचले तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला
एकटा पुर्सो पागी तयार.
पाच मीटर ऐंशी. नर.
खालच्या जबड्याच्या टोकाला दोनच दात,
खाण्यासाठी नव्हेत, भांडणासाठी;
पाठभर जुने जोड-ओरखडे.

'देवमासा म्हणे,' पुर्सो म्हणाला,
'देव असा मारामाऱ्या करतो?'
त्याच्याही बोटांवर पांढरे वण,
तळपणच्या खडकांवर बुडी मारून
शिनाणे काढायचा तेव्हाचे.

'किती वेळ खाली राहतो हा?'
तासभर. कधी दोन तासांच्याही वर.
'छाती फुटत नाही?'
छाती तो मिटूनच घेतो.
श्वास रक्तात ठेवतो, मांसात ठेवतो,
म्हणून मांस बघ, जांभळासारखं काळं.
पर कुशीच्या खाचांत घालतो,
थंडीत आपण हात काखेत घालतो तसे,
आणि जिथे उजेड कधी गेलाच नाही
तिथे टकटक करत उतरतो.

पुर्सो बराच वेळ ओठ मिटून उभा. मोजत असावा.
'मी दीडशेपर्यंत जायचो,' शेवटी म्हणाला,
'मग कानांत घंटा.'

कानांत.
तिथे रक्त साकळलेलं होतं.
शिरांत बारीक बुडबुडे,
घाबरून फार लवकर वर आल्यासारखे.
बाहेर, खोल पाण्यात, कुठल्या जहाजाने
काळोखाला ओरडून काही विचारलं असेल?
असेल. कागदावर 'असेल' चालत नाही.

पोटात माणक्यांच्या चोची,
धुऊन मोजल्या, तीनशे बारा.
आणि पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक गोळा.
'माणकीसारखा दिसला असेल,' पुर्सो म्हणाला.
दिसला नसेल रे.
ऐकू आला असेल.

दुपारी जेसीबी आला.
सुकोरीना त्याच्यापुढे आडवी:
'इथे नाका! तेवीस नंबर आज-उद्या फुटेल!'
शेवटी खड्डा पार त्या टोकाला.

रात्री न्हाणीत बादलीत तोंड घालून पाहिलं.
एकेचाळीस.
केस पुसत पंचनामा पुढे ओढला,
लांबी लिहिली, दात लिहिले, चोची लिहिल्या.
कारणाच्या रकान्यावर
केसांतून पाणी ठिबकलं, शाई जरा पसरली.
तो कागद तसाच पाठवला.

तेवीस नंबर फुटलं परवा.
सत्त्याण्णव, सुकोरीनाचा फोन.