दीड मिलिमीटर

सारेमा बेटावर, माइमूच्या चष्म्याच्या दुकानात
मागच्या खोलीला बरोब्बर सहा मीटर लांबी आहे.
भिंतीवर आता कागदी तक्ता नाही, पडदा आहे
आणि पडद्यावरची अक्षरं माझी,
म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रामची.

खालून दुसऱ्या ओळीतलं अक्षर
आठ पूर्णांक सात मिलिमीटर उंच हवं.
ते वाचता आलं तर जहाज चालवा,
नाहीतर घरी बसा.

मी मॉनिटरला विचारलं होतं, तुझी रुंदी किती?
म्हणाला, सोळा.
उंची?
नऊ. सेंटिमीटर म्हणे!
टेबलभर पसरलेला गडी
स्वतःला सांगत होता पोस्टकार्डाएवढा.
कारखान्यात कुणीतरी मापाच्या रकान्यात
नुसतं गुणोत्तर भरून टाकलं होतं,
वयाच्या रकान्यात कुणी ‘तरुण’ लिहावं तसं.

मग विचारलं ऑपरेटिंग सिस्टिमला.
ती म्हणाली, इंचाला शहाण्णव ठिपके.
या पडद्याला शहाण्णव, त्याही पडद्याला शहाण्णव,
लॅपटॉपला, दिवाणखान्यातल्या टीव्हीलासुद्धा.
जो येतो तो स्वतःला शहाण्णव कुळी सांगतो
आणि कागदपत्रं कुणी मागत नाही.
मीही मागितली नाहीत.
शुक्रवार होता, शेवटची फेरी गाठायची होती.

पुढच्या वर्षी प्रिंटर जोडायला गेले.
माइमूच्या टेबलावर लाकडी पट्टी पडली होती,
सहज धरली अक्षराला.
दहा पूर्णांक दोन.
पुसून पुन्हा धरली. पट्टी पुसली, पडदा पुसला.
दहा पूर्णांक दोन.

दीड मिलिमीटरचा फरक,
आणि मी वर्षभर दीडशहाणी.

दुरुस्तीला एक दुपार पुरली.
आता प्रोग्राम पडद्याला काहीच विचारत नाही.
माणसाला म्हणतो : बँकेचं कार्ड काचेला टेकवा
आणि हा चौकोन ओढा त्याच्याएवढा होईस्तोवर.
कार्ड जगभर एकाच मापाचं असतं.
प्लास्टिकवर विश्वास ठेवायची वेळ आली तर आली.

मंगळवारी काल्यू रॅट्सेप आला,
विर्त्सूच्या फेरीबोटीचा कप्तान, एकवीस वर्षं.
उभा राहिला पट्ट्याच्या खुणेवर,
वरच्या ओळी खडाखड वाचल्या
आणि खालून दुसऱ्या ओळीपाशी
धुक्यात भोंगा ऐकावा तसा थांबला.
‘अक्षरं बारीक केलीत तुम्ही.’

माइमू फाइल चाळू लागली.
मी गप्प राहू शकले असते.
पट्टी त्याच्या हातात दिली.

नकाशावर कर्कटक चालवणारी बोटं ती,
एक डोळा मिटून त्यानं अक्षर मोजलं.
‘आठ पूर्णांक सात. बरोबर आहे.
आणि गेल्या वर्षी?’

सांगितलं.

तो खिडकीपाशी गेला. बराच वेळ उभा होता.
दिवसाला किती फेऱ्या, फेरीला किती माणसं, किती गाड्या,
असं काही मोजत असावा, किंवा नसेलही.
‘धक्क्याला एकदाही घासली नाही,’ म्हणाला,
मला की खिडकीला, कळलं नाही.
मी म्हणाले नाही, नशीब.
तोही म्हणाला नाही.

निघताना टोपी फिरवत उभा राहिला.
‘ते जुनं मोठं अक्षर. घरच्या कॉम्प्युटरला बसवून देशील?
बातम्या वाचायला.’
मी म्हटलं, देईन,
आधी पडद्याची रुंदी कळवा.

रात्री फोन आला.
‘त्रेपन्न पूर्णांक एक.’
पडद्याला विचारलंत, की मोजलंत?
पलीकडे खुर्ची सरकली,
ड्रॉवर उघडून बंद झाला.
‘थांब,’ म्हणाला, ‘पुन्हा मोजतो.’