गडग्यातली पाच फूट जागा

उभादांड्याला आमचा गडगा
आषाढात पश्चिमेकडून ढासळला, पाच फूट.
चिरे पुन्हा रचायला माघापर्यंत गवंडी मिळेना.
म्हटलं, झाडच लावू काहीतरी.

मी वही काढली. तीस वर्षं गणित शिकवलं,
हात सवयीने पानाच्या मधोमध उभी रेघ मारतो.

डावीकडे करवंद.
खारं वारं सोसतं. मूळ धरलं की पाणी मागत नाही.
काटे जोडीने येतात, पक्के.
परबांची म्हैस आत शिरायची नाही.
फाल्गुनात फूल, मग कच्च्याचं लोणचं,
चिकाने काळी पडलेली बोटं,
वैशाखात शाळेतून पळालेली पोरं गडग्याशी,
ज्यांना मी ओरडेन आणि ओळखेन.
सामाजिक वनीकरणाचं रोप, रुपये दहा.
वजा : तीन वर्षं वाट बघणे.

उजवीकडे शोभेचं गवत.
शिरोड्याच्या वाटेवर पास्कू फर्नांडिसची नर्सरी.
त्याने कुंडी उचलून वाऱ्यात धरली :
'सर, हयसर बघा. भाव मगे इचारा.'
दोनशे ऐंशी.
पात्यांना धार, माझं बोट तिथेच चिरलं.
खाता येत नाही. वास नाही. सावली नाही.
वर्षातून एकदा बुंध्यापासून कापायचं.
घरी येताना बाबलने वाटेत अडवलं :
'मास्तर, गवात इकत घेतल्यात?
कातळार येवा, भारो फुकट दितंय.'

हिशेब सरळ होता. खाली दोन रेघा ओढून
मी वही तिला दाखवायला आत गेलो.

ती पश्चिमेच्या खिडकीशी.
मच्छीबाजाराच्या पायरीवर पडून खुबा मोडला,
त्याला आता सातवा महिना.
जिने नर्स म्हणून ही सगळी किनारपट्टी
पायांनी मोजली, छत्री आणि डोसांचा डबा घेऊन,
होडीतून खाडीपल्याडच्या वाडीलाही,
बाळंतिणीच्या दारात वेळेवर, कधी वेळेआधी.

तिने वही वाचलीच नाही.
खिडकीकडे बघत म्हणाली,
'करवांदा हलणत नाय.'
मी म्हटलं, म्हणजे?
'दिसभर हयसून बघतंय. भिंत हलना नाय,
चिरे हलणत नाय, माझो पाय हलना नाय.
माका हलणारा कायतरी व्हया.'

वहीत असा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी पास्कूकडून सहा कुंड्या आणल्या.
तिने पलंगावरून जागा सांगितली :
अजून डावीकडे, अजून,
आता खिडकीच्या मधोमध.
खड्ड्यात मासळीची कुटी घातली,
घरभर दोन दिवस वास, तिची तक्रार नाही.

जेठात कंबरेएवढं झालं.
परबांची म्हैस अर्थातच आली,
शेंडे खाऊन, मधोमध शेण टाकून, शांतपणे गेली.
मी काठी शोधत होतो,
आतून हसण्याचा आवाज आला,
बऱ्याच महिन्यांनी, खोकला लागेपर्यंत.

पुन्हा फुटलं ते. दसऱ्याच्या सुमाराला तुरे आले,
आधी तांबूस, मग राखाडी, मग चंदेरी.
संध्याकाळी समुद्रावरचं वारं सुटलं
की सगळं एकदम एका बाजूला झुकतं,
क्षणभर थांबतं, परत येतं.
ती ते बघते. मधेच मला सांगते,
'आज वारो खालसून आसा,'
आणि कुठल्या होड्या उशिरा येतील तेही.
वॉकर अजून दारामागे आहे.
पण परवा तो दोन हात पुढे सरकलेला दिसला.
मी विचारलं नाही.

करवंदाचं रोप विहिरीशी राहून गेलं,
काळ्या पिशवीतच, धुण्याच्या दगडाआड.
आज उचलून दुसरीकडे न्यावं म्हटलं
तर उचलेना.
पिशवी फोडून मूळ खाली गेलंय,
भलत्याच जागी, दोरीच्या वाटेत,
जिथे पाणी काढताना रोज काटा लागेल.

वहीतली उभी रेघ आठवली.
पोहरा दुसऱ्या बाजूने सोडला.