मढवीतला ढ

विब्केला ढ जमत नाही.
सकाळी चहा गाळताना म्हणून बघते, मडवी,
मग मधवी, मग जीभ टाळूला लावून नुसतीच थांबते.
मी सांगते, अगं ढग म्हण, ढोल म्हण, ढेकूण म्हण.
ढेकणाला ती हसते,
आणि हसण्यात ढ निसटून जातो.

हे आडनाव तिलाच हवंय. मी मागितलं नव्हतं,
निकेशनेही नाही.
तीच म्हणाली, उद्या मुलं झाली तर
घरात सगळ्यांचं एक नाव असावं.
मला वाटलं, त्यात काय एवढं,
लग्न झालं की बदलतंच.

त्यांच्याकडे बदलत नाही.
ऐरोलीत लग्न लागलं, महापालिकेने दाखला दिला,
अख्ख्या भावकीने तिला मढवीण म्हणून ओवाळलं,
तरी मरून पासपोर्टात ती ल्यूर्सनच.
नवऱ्याला घेऊन नरिमन पॉइंटच्या वकिलातीत जायचं,
तिथल्या बाईंसमोर दोघांनी सह्या करायच्या,
मग कागद जाणार कुक्सहाफेनला,
तिच्या समुद्राकाठच्या गावी,
आणि तिथला कुणी कारकून ठरवणार
सेक्टर आठमधली माझी सून कोण ते.

पहिल्यांदा कागद परत आले ठिपक्यांवरून.
तिच्या आडनावात एका अक्षरावर दोन ठिपके असतात,
वॉर्ड ऑफिसच्या संगणकात ते उमटेनात.
तिथला पोरगा म्हणाला, मावशी,
दोन ठिपक्यांनी काय अडतंय?
मी त्याच्या छातीवरची पाटी वाचली. म्हटलं,
तुझ्या भोईरचा भुईर केला तर चालेल?
दाखला दुरुस्त व्हायला साडेतीन महिने लागले.

दुसऱ्यांदा तिकडून पत्र:
माधवी हे तर बाईचं नाव दिसतं,
कुटुंबाचं आहे याला पुरावा काय?
इंग्रजीत दोन्ही सारखीच लिहितात ना.
मग निकेशने पणजोबांचा सातबारा शोधून काढला.
ती जमीन कधीच सिडकोने घेतली,
आता तिच्यावर काचेची ऑफिसं आहेत,
रात्रभर दिवे चालू.
पण मढवी तेवढे कागदावर राहिले होते,
ढ सकट.

अनुवादकाने दोनदा फोन केला,
खाजण म्हणजे नक्की काय लिहू?
आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.
विब्केच म्हणाली, आमच्या गावाला आहे तसली जमीन,
दिवसातून दोनदा समुद्र येऊन ती घेऊन जातो
आणि परत ठेवतो.
तिने शब्द सांगितला. त्याने तोच लिहिला.

माझ्या वेळी शाईसुद्धा लागली नव्हती.
ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने काहीतरी गिरवलं,
मी मान खाली घालून बसलेली, मला उलटं दिसत होतं.
बायका म्हणाल्या, सुलोचना, छान आहे हो.
संध्याकाळी ते तांदूळ
शिजले असतील बाकीच्यांबरोबर.

त्यांच्या फॉर्मवर एक रकाना आहे, जन्मनाव.
मी विचारलं, नवं मिळाल्यावर हे खोडतात ना?
नाही आई, म्हणाली, ते पासपोर्टात राहतं,
खाली, लहान अक्षरात.
कायम?
कायम.
मी पुन्हा भाजीकडे वळले,
मेथी अर्धी निवडून झाली होती.

पत्र अजून आलेलं नाही.
दुपारी पोस्टमन आला तो वीजबिल घेऊन.
विब्के खाली जाऊन रिकामी परतली,
आणि पायातल्या चपला काढता काढता
सहज म्हणाली, आई, तुमचं काय होतं?

पंचेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं,
त्यामुळे आधी घसा खाकरावा लागला.
वेणू, म्हटलं. वेणू केणी.
शाळेत पोरं यमक जुळवून चिडवायची,
मास्तर तर ढच म्हणायचे.

वेणू केणी, ती म्हणाली,
एका दमात, स्वच्छ.