आटण्याची सूट

बत्तीस वर्षं मी सागवानात पॅटर्न कोरले
भोसरीच्या फाउंड्रीत, पंपांचे, गिअरबॉक्सचे.
ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं,
म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवायचा,
मीटरला दहा मिलिमीटर.
आमची पट्टीच वेगळी असायची, खोटी दिसणारी, खरी.

आता त्याच गल्लीत, तन्वीर इनामदारच्या शेडमध्ये
मी हाडं छापतो.
म्हणजे मशीन छापतं, मी राखण करतो.
प्लॅस्टिकची तार वितळते, थरावर थर बसतो,
एकेक थर दोन कागदांएवढा.
गुडघ्याला अकरा तास.

फाईलवर नाव नसतं. डावा, स्त्री, तेवीस.
पण मांडीच्या हाडात एक जुनं भोक होतं,
आधीच्या ऑपरेशनचं,
फार उभं, चार मिलिमीटर चुकलेलं, फार तर पाच.
एवढ्यासाठी आमचा फोरमन जॉब पायावर फेकायचा.

गुरुवारी वीज गेली.
पुण्यात गुरुवारी जाते, हे मशीनला कोण सांगणार?
एक्क्याऐंशी टक्क्यांवर गुडघा थांबला.
पुन्हा पहिल्यापासून.

शनिवारी बसमध्ये मांडीवर डबा, डब्यात गुडघा.
शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे?
खरं ते सांगितलं.
त्या खिडकीकडे सरकल्या.

एरंडवण्यात डॉक्टर उकिडवे बाईंचा दवाखाना.
मी गुडघ्याला बिजागरी समजत होतो.
'नाही हो,' बाई म्हणाल्या, 'हे गोल हाड सपाटावर लोळतं,
लोळता लोळता घसरतं,
आणि पाय ताठ होता होता
नडगी किंचित बाहेर वळते.'
स्क्रूनं शेवटचा पाव आटा घ्यावा तशी, मी म्हटलं.
त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तेवढ्यात ती आली, रेणुका शिळीमकर,
पानशेतकडची, खो-खो खेळणारी, कुबडीवर.
तिनं स्वतःचा गुडघा कानाशी नेऊन हलवला,
नारळ पारखावा तसा.
'यात तुटलेलं कुठंय?'

नव्हतं.
स्कॅनमध्ये हाड उमटतं, दोर उमटत नाही.
जे तुटलं तेवढंच मी छापलं नव्हतं.

डब्याला बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडली,
जुन्या भोकातून ओवली, खाली गाठ मारली.
तिनं दोन्ही हाडं हातात घेतली.
'खुंटाकडं धावत होते. हा पाय रोवला.
अंग वळलं. मांडी आत आली. नडगी तिथंच.'
हाड सरकलं, फिरलं,
आणि रबर नुसतं बघत राहिलं,
चुकीच्या जागी ठोकलेल्या कडीसारखं.
'टक,' ती म्हणाली. 'दोन्ही वेळा.
पंचांना वाटलं, खुंट वाजला.'

कुणी काही बोललं नाही.
पंख्याचा आवाज तेवढा.

मग बाईंनी दुसरा तुकडा काढला, माझाच, सुपारीएवढा.
हाडाच्या उंचसखल अंगावर तो एकाच जागी बसतो,
दुसरीकडे कुठंही डुगडुगतो.
त्याच्या नळीतून ड्रिल घातलं, तिरकं.
भुसा पडला, पांढरा, सागवानाचा वास नसलेला.
रबर नव्या भोकातून.
तिनं पुन्हा वळवलं.
आता रबर ताणलं. हाडं अडली.

ती हसली नाही. 'किती महिने?'
'नऊ तरी.'
'बसता कधी येईल? पाटीवर, उकिडवं?'
बाई स्वतःच्या आडनावाला हसल्या,
मग गंभीर झाल्या. 'ते शेवटी.'
'चालेल,' ती म्हणाली.
'खो मिळेपर्यंत उठायचं नाही, ही सवय आहे.'

निघताना मी विचारलं, सूट किती धरायची असते?
'शून्य,' बाई म्हणाल्या, 'हाड आटत नाही.'
माझे गुडघे जिना उतरताना कुरकुरले.
माणूस आटतो हे मला माहीत आहे,
त्याची पट्टी मात्र माझ्या पेटीत नाही.

एक्क्याऐंशी टक्क्यांचा तो गुडघा घरी आणलाय.
वीजबिलावर ठेवतो.
बिल उडत नाही.