न्यूट्रलमध्ये

पंच्याण्णव, म्हणाले मी.
साक्री नुकतंच मागे पडलं होतं.

दोंडाईच्याच्या सबस्टेशनात यांनी एकतीस वर्षं
दर तासाला ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान
रजिस्टरात लिहिलं.
दिवाळीत लिहिलं. धाकटी झाली त्या रात्रीही लिहिलं:
दोन वाजता, अठ्ठावन्न.
ती नोंद मी नंतर जाऊन पाहिलेली आहे.

आता चाक यांच्या हातात, वही माझ्या मांडीवर.
गाडीत दोन खाटा, ओटा, संडास, पाण्याची टाकी,
कळण्याच्या पिठाचा डबा, बिबड्या,
आणि मागच्या कप्प्यात माझा पाटा-वरवंटा,
ज्यावरून तीन दिवस
आम्ही एकमेकांशी फक्त आकड्यांत बोलत होतो.

एकशे चार.
कोंडाईबारीचा चढ लागला. पुढे केळीचा ट्रक,
सुरतेला निघालेला, मुंगीच्या पावलांनी.
एकशे अकरा. गिअर स्वतः खाली घ्या,
सुपडू मिस्त्रींनी दोनदा सांगितलंय.
यांनी आरसा नीट केला.
एकशे एकोणीस.
पाक करपावा तसा वास
पायाखालच्या चटईतून वर आला.

सागाच्या उघड्याबोडक्या सावलीत गाडी उभी केली.
लोड काढला की तेल थंड होतं, हे यांचं शास्त्र.
लोड म्हणजे काय, तेही मला कळत होतं.
हात किल्लीकडे गेला.
मी मनगट धरलं.

मिस्त्री म्हणाला होता, धुळ्याला, जाळीमागे नवा कूलर बसवताना:
“तपनी ते बंद नका करा, वहिनी.
न्यूट्रलले टाका. तेल फिरू द्या.”

मग इंजिन नुसतंच बोलत राहिलं.
कुठेही जायचं नाही, बंदही पडायचं नाही.
पंख्याचा वारा धुरळा उडवत होता.
एकशे चौदा.
मनगट अजून माझ्याच हातात होतं, कुणीच ते काढलं नाही.
एकशे आठ.

“त्या रात्री,” हे समोर बघत म्हणाले,
“अठ्ठावन्न नव्हतं.”
“मग किती होतं?”
“काय माहीत. मी फाटकाशी होतो,
दवाखान्याकडून कोणी येतंय का बघत.
सकाळी अंदाजाने लिहून टाकलं.”

अर्धा घाट अजून बाकी होता.
मी वही उघडली,
आणि काट्याकडे न बघता
लिहिलं: अठ्ठावन्न.