सात वाटे आणि वर एक

ऐरोली, सेक्टर आठ, रात्रीचे पावणेबारा.
न्हाणीघराच्या दाराखाली पंचा कोंबलाय,
गीझरच्या लाल ठिपक्यावर काळी चिकटपट्टी.
मोबाईल बाहेर. घड्याळही बाहेर,
काटे हिरवे चमकतात म्हणून.
मांडीवर शंभर फुटांचा डबा.

डोळे मिटून घे आधी, हसुरामकाका म्हणायचे,
चेंदणी कोळीवाड्यातल्या दुकानाच्या माळ्यावर.
अंधारात उघडे डोळे उगाच शोधत बसतात
आणि हात त्यांची वाट बघत राहतात.
कडेला धर, पोटाला बोट लावू नकोस,
खाडीची हवा आहे, घाम चिकटतो.
आणि हिसका देऊ नकोस. आत ठिणगी पडते,
निळी, एवढीशी,
मग नवरीच्या कपाळावर विजेचं झाड उगवतं
आणि पैसे मला परत द्यावे लागतात.

रीळ लोडरमध्ये बसलं. झाकण. आता दिवा.

फरशीवर अठरा डब्या, त्यांच्याच,
तोंडाची मखमल झिजलेली,
टोपणांवर ब्लेडनं कोरलेले आकडे.
अकरावर फुली: ही ओरखडा पाडते.
फेकायची नाही, उधारीच्या बारशाला वापरायची.

मूठ फिरते. एका घराला एक टक्.
काका वाट्यांनी मोजायचे, आई बाजारात मोजायची तसे:
पाचाचा एक वाटा, सात वाटे, वर एक.
पस्तीस गिऱ्हाइकाचे. वरचा एक घरचा.
वरात आटपून दीड वाजता घरी आले
की भिमाकाकूला उंबऱ्यात उभी करायचे.
ती हात पुसायची, पदर सारखा करायची,
फ्लॅश पडला की म्हणायची,
झाला? बसा आता जेवायला.

धुतलेल्या पट्ट्या दोरीवर मी लावायचे.
टोकाचं घर दर वेळी काळंकुट्ट.
चकतीला जे टोक चिकटवतो ना आपण दिव्याखाली,
उजेड आधीच पिऊन बसलेलं,
तेच कॅमेऱ्यात सगळ्यात शेवटी पोचतं.

तुम्हाला माहीत होतं? मी एकदा विचारलं.
पुढची जीभ कात्रीनं तासता तासता म्हणाले,
दोन घरं जास्त फिरवली तर वाचतो तो फोटो.
पण रिळामागे दोन घरं, शंभर फुटांत
एक अख्खी डबी जाते गं.

काकू गेली तेव्हा फोटो सापडेना.
कुणाच्या तरी साखरपुड्यात, ओळीच्या कडेला,
दुसऱ्याचं पोर कडेवर घेतलेली,
अर्धा कान पोराच्या मुठीत.
तेवढंच कापून मोठं केलं. दाणे दाणे आले.
काकांनी ते भिंतीवर लावलं नाही,
कपाटात ठेवलं, आतल्या बाजूनं.

पस्तीस. छत्तीस.
सदतीस.
अडतीस.

शंभर फूट संपले तेव्हा सतरा डब्या भरल्या होत्या.
अकरा नंबरची तशीच राहिली, हलकी.
तिच्यात बोट घालून बघितलं,
मखमल अजून मऊ आहे एका बाजूला.